कामठा मान टाकतो तेव्हा: गोव्याच्या दमट हवेत लाकडी धनुष्य बनवणाऱ्यांसाठी

तक्रार जवळपास ठरलेली असते. मार्चमध्ये कामठा तयार झाला, मे संपेपर्यंत झकास चालला, आणि चवथ येईपर्यंत त्याने मान टाकली. दोरी उतरवली तरी दोन्ही टोके आपल्याकडे वळलेलीच राहतात. ओढायला हलका लागतो, बाण अलीकडेच पडतो. काहींचा कामठा तर ऐन पावसाळ्यातच घडतो आणि टिलरिंगच्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत लाकूड उतरवण्याच्या, फळीवर असतानाच वाकून बसतो. मग माणूस लाकूड बदलतो. सागाऐवजी धामण, धामणीऐवजी बांबू. पुढच्या आखाडात पुन्हा तेच.

लाकूड बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण बहुतेक वेळा दोष लाकडाच्या जातीत नसतो, त्यातल्या पाण्यात असतो. इंटरनेटवर धनुष्य बनवायला शिकवणारे बहुतेक लोक थंड मुलखातले. तिथे हिवाळ्यात घरे तापवतात, घरातली हवा कोरडीठाक होते, आणि खोलीच्या कोपऱ्यात वर्षभर उभे केलेले लाकूड कुणी काही न करता सात-आठ टक्के ओलाव्यावर येते. म्हणून तिकडचा माणूस 'वर्षभर वाळू द्या' एवढेच सांगतो आणि पुढच्या पायरीकडे वळतो. त्याचे त्याच्या गावापुरते खरेच आहे. डिचोलीत किंवा म्हापशात तेच लाकूड दहा वर्षे कोपऱ्यात उभे करा, जुलैत ते सतरा-अठरा टक्क्यांवरच सापडेल. वर्षे मोजून उपयोग नाही, लाकूड आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त कोरडे होतच नाही.

आधी बघा, बाक किती आणि कुठे

धनुष्याची जी बाजू ओढणाऱ्याकडे असते ते पोट, आणि जी निशाणाकडे असते ती पाठ. कामठा सरळ लाकडातून काढला असेल तर दोरी उतरवल्यावर त्याची पाठ सरळ भिंतीला लावून धरा. मूठ भिंतीला टेकेल, टोके सुटलेली राहतील. दोन्ही टोकांकडचे अंतर सारखे करून मोजा. कायमचा राहिलेला हा बाक म्हणजे सेट.

मोजायचे दोनदा. एकदा दोरी उतरवल्याबरोबर, आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी. लगेचचा आकडा अडीच इंच आणि सकाळचा सव्वा इंच असेल तर लाकूड रात्रभरात बरेच सावरले, आणि ते ओले असल्याचा हा चांगलाच इशारा आहे. दोन्ही आकडे तीन इंचांच्या आसपास असतील तर पोटाचे नुकसान होऊन गेले आहे. दीड इंचापर्यंत सेट असेल तर त्याच्या मागे लागू नका, साध्या लाकडाचे धनुष्य एवढे वाकणारच. दोन-अडीच इंचांवरही मजेत नेम मारता येतो. तीनच्या पुढे मात्र बाण फेकण्याऐवजी तो नुसता ढकलतो.

मग मूठ डोळ्याशी धरून एकेका भुजेवरून, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या भागावरून, नजर टाका. बाक मुठीजवळ आहे, मधोमध आहे की टोकाकडे? संपूर्ण भुजेवर सारखा पसरलेला बाक असेल तर संशय ओलाव्यावर किंवा मापावर घ्यायचा. एकाच जागी कोपरासारखा मोडलेला दिसत असेल तर तिथे लाकूड जास्त तासले गेले आहे, आणि पाऊस त्याला जबाबदार नाही.

आणखी एक तपासणी, ती अंधाऱ्या खोलीत करायची. मोबाइलचा टॉर्च पोटाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि भुजेवरून हळूहळू सरकवा. कुठे केसाएवढ्या बारीक, आडव्या, जराशा वाकड्यातिकड्या रेषा दिसल्या तर त्यावर नख फिरवा. नख किंचित अडखळते. समोरून पाहिल्यावर या रेषा पॉलिशमधल्या ओरखड्यांसारख्या वाटतात आणि लोक त्यावर काचपेपर मारून मोकळे होतात. त्या ओरखडे नसतात. पोटाचे तंतू दाबाने चुरगळून घडी पडली आहे, त्या घड्या. ती जागा पुन्हा कधी पूर्वीसारखी होत नाही.

ओले लाकूड नेमके काय करते

कामठा ओढला की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. लाकूड ताण सोसायला तगडे असते, दाब सोसायला त्या मानाने बरेच कच्चे. म्हणून पाठ सहसा शेवटी तुटते, पण पोट त्याच्या खूप आधी मुकाट्याने हार मानते. सेट म्हणजे पोटाची ही हार.

ओलाव्याने दाब सोसण्याची ताकद फार झपाट्याने उतरते. लाकडातला ओलावा एक टक्का वाढला की ही ताकद अदमासे पाच-सहा टक्क्यांनी घटते. ताठपणा मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. सगळी फसगत इथे आहे. दहा टक्क्यांवरचे लाकूड सोळा टक्क्यांवर गेले तर हाताला ते जेमतेम आठवा हिस्सा मऊ लागते, पण त्याच्या पोटाची सहनशक्ती तोवर जवळपास तिसऱ्या हिश्शाने गेलेली असते. हाताला काही कळत नाही, माणूस नेहमीसारखा ओढतो, आणि आत तंतू चुरगळत जातात. सादळलेला पापड हाताला तरी कळतो. सादळलेला कामठा कळत नाही.

आता आपली हवा बघा. जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. या हवेत उघडे ठेवलेले लाकूड सतरा ते वीस टक्क्यांच्या मध्ये स्थिरावते. पौष-माघात, दुपारी हवा साठ टक्क्यांच्या आसपास आली की तेच लाकूड अकराच्या जवळ उतरते. धनुष्याला ओलावा लागतो आठ ते दहा टक्के, फार तर बारा. म्हणजे मार्चमध्ये आपण नकळत काठावर पास होतो आणि पावसाळ्यात नापास. मार्चचा कामठा मेपर्यंत चालतो तो यामुळेच, त्यात आपल्या कसबाचा वाटा वाटतो तेवढा नसतो.

ही अडचण आजची नाही. मोगल काळातल्या देखण्या कमाना शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने जोडून बनवलेल्या असत, आणि सरस दमट हवेत ढिला पडतो. त्या कमाना फार जपून ठेवाव्या लागत. हिंदुस्थानात पूर्ण पोलादी कमानाही बनत, आणि त्या कोठारात कितीही दिवस पडून राहिल्या तरी ऋतूंचे त्यांना सोयरसुतक नसे. भिल्ल लोकांचा बांबूचा कामठा तर दोरीही बांबूच्याच कामटीची वापरतो. आपल्याला पोलादापर्यंत जायची गरज नाही, वजनकाटा पुरे.

ओलावा मोजायचा कसा

बाजारात दोन सुया टोचून आकडा दाखवणारे मीटर मिळतात. स्वस्तातले मीटर लाकडाच्या जातीनुसार दोन-तीन टक्के सहज इकडेतिकडे सांगतात. आठ आणि अकरा यांतला फरक जिथे महत्त्वाचा, तिथे मी त्यावर विसंबत नाही.

त्यापेक्षा हे करा. कामठ्याच्याच फळीतून काडेपेटीएवढा तुकडा कापा, पण फळीच्या टोकाचा नको, आतला. सोनार वापरतात तसल्या छोट्या काट्यावर तो तोला. मग स्वयंपाकघरातल्या ओटीजीत शंभर-एकशेपाच अंशांवर ठेवा आणि दर तासाने तोलत राहा. वजन उतरायचे थांबले की तो पूर्ण कोरडा झाला. आधीच्या वजनातून कोरडे वजन वजा करा, उरलेल्याला कोरड्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. तुकडा २३.४ ग्रॅमचा होता आणि २० ग्रॅमवर थांबला, तर ओलावा १७ टक्के. घरच्यांना आधी सांगून ठेवा, सागाचा वास केकला लागतो.

तयार कामठ्यातून तुकडा कापता येत नाही, पण त्यालाही काटा चालतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कामठा चांगला कोरडा असताना त्याचे दोरीशिवायचे वजन मुठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. ११ टक्क्यांवर ६२० ग्रॅम भरणारा कामठा १७ टक्क्यांवर गेला की साधारण ६५३ भरतो. तेहतीस ग्रॅम पाणी, म्हणजे दोन-अडीच टेबलचमचे. ऐकायला किरकोळ वाटते, पण पोटाच्या ताकदीचा तिसरा हिस्सा त्यात जातो.

वाळवण पेटी

उपाय साधा आहे: लाकूड ज्या हवेत ठेवायचे ती हवा जराशी तापवायची. पाण्याची वाफ तेवढीच राहते, पण तापलेल्या हवेत जास्त वाफ मावत असल्यामुळे आर्द्रतेचा टक्का खाली येतो. जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३८ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ४८ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या हवेत लाकूड साडेआठ टक्क्यांवर येऊन थांबते. नेमके तेवढेच आपल्याला हवे. वर्षभर वाट पाहणे नाही, डिसेंबरचा मुहूर्त पाहणे नाही.

सहा-साडेसहा फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढीच उंच प्लायवूडची पेटी कोणताही मेस्त अर्ध्या दिवसात ठोकून देईल. आत एका टोकाला पिवळा, जुन्या तऱ्हेचा तारेचा बल्ब लावायचा. एलईडी नको, त्याची उष्णता पुरत नाही. चाळीस वॅटपासून सुरुवात करून थर्मामीटर बघत वाढवा. बल्बाकडच्या टोकाला तळाशी दोन-तीन भोके आणि दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूला दोन-तीन, म्हणजे हवा आतून फिरते. बल्बाभोवती लोखंडी जाळी हवीच, आणि लाकूड किंवा प्लाय त्याच्यापासून वीतभर तरी लांब. आत एक छोटे आर्द्रतामापक ठेवले तर अंदाज करत बसावे लागत नाही. लाइट गेली तर घाबरू नका, एका रात्रीत लाकूड परत ओले होत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एक, नुकतेच तोडलेले ओले लाकूड सरळ पेटीत घालू नका, ते उभे तडकेल. आधी टोकांना ऑइल पेंट किंवा फेव्हिकोलचे दोन जाड हात द्या, धनुष्याच्या मापाच्या दीडपट जाडीचे ओबडधोबड तासून घ्या आणि सावलीत महिना-दीड महिना राहू द्या. मग पेटी. दोन, पेटीतून कधी काढायचे हे काटा सांगेल. दोन दिवसांआड तोला, लागोपाठ तीन वेळा वजन तेच आले की झाले.

पेटीतून काढलेले लाकूड ओसरीवर दोन आठवडे टाकून मग कामाला घेतले तर सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. पावसाळ्यात काम करायचे असेल तर रोजचे तासून झाले की रात्री लाकूड परत पेटीत.

ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांना पेटीचीही गरज नाही. चुलीवरच्या माळ्यावर दोन पावसाळे काढलेला बांबू मी हातात घेतला आहे. धुराने तपकिरी झालेला, वाजवला तर खणखणीत, आणि भुंगेऱ्याने शिवलेलाही नाही. बांबूला भुंगेऱ्याची भीती फार, कारण त्यातल्या पिठूळ अंशावर तो जगतो. माळा नसेल तर बांबू वाळवण्याआधी दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, तो पिठूळ अंश धुऊन जातो.

कोरडे असूनही वाकत असेल तर

मग मापाकडे बघा. नवशिक्याचा कामठा बहुतेक वेळा आखूड आणि अरुंद असतो, कारण चित्रांतले आणि दशावतारातले धनुष्य तसे दिसते. रंगमंचावरच्या रामाला बाण मारायचा नसतो. २७-२८ इंच ओढ (म्हणजे दोरी मुठीपासून जेवढी मागे ओढायची ते अंतर) असेल तर साध्या लाकडाचा कामठा ६६ ते ६८ इंच लांब ठेवा. मुठीपासून भुजेच्या मध्यापर्यंत दोन इंच रुंदी, तिथून टोकाकडे निमुळता होत अर्धा इंच. पहिल्याच कामठ्याला पन्नास-साठ पौंडांचा हट्ट धरू नका; हे पौंड कामठ्याच्या वजनाचे नव्हेत, तो पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोराचे. पस्तीस-चाळीस पौंड, म्हणजे सोळा ते अठरा किलो, भरपूर झाले.

रुंदी का हवी, याचा हिशोब सोपा. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. पण तेवढाच वाक दिला तर पोटावर येणारा दाब जाडीबरोबर वाढतो, रुंदीबरोबर नाही. दीड इंचाऐवजी दोन इंच रुंदी घेतलीत तर तेवढ्याच जोराला जाडी नऊ टक्क्यांनी कमी पुरते, आणि पोटावरचा दाबही तेवढाच उतरतो. याच हिशोबाची दुसरी बाजू अशी, की दहा मिलिमीटर जाड भुजेवरून एक मिलिमीटर काढला की तिचा पावपेक्षा जास्त ताठपणा जातो. म्हणून शेवटी शेवटी रंधा बाजूला ठेवा आणि कानशीने, मग पत्र्याच्या खरवडणीने उतरवा.

मापही बरोबर असेल तर चूक टिलरिंगमध्ये आहे. टिलरिंग म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून लाकूड उतरवत जाणे. मूठ भिंतीवरच्या खुंट्यात अडकवायची, दोरीला बांधलेला दोर खाली जमिनीजवळच्या कप्पीतून घेऊन लांबून ओढायचा, आणि मध्ये प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा लावायचा. कामठ्याच्या समोर उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. तुटला तर तुकडे कुठे जातील हे तो विचारत नाही.

इथला नियम एकच, पण कडक: चाळीस पौंडांचा कामठा हवा असेल तर कोणत्याही टप्प्यावर चाळीस पौंडांपेक्षा जास्त ओढायचे नाही. पहिल्यांदा तो बारा इंचांवरच चाळीस दाखवेल. तिथेच थांबा, लाकूड उतरवा, पुन्हा ओढा. 'किती वाकतो बघू तरी' म्हणून कच्च्या कामठ्याला एकदम वीस इंच ओढले की सेट तिथेच बसतो आणि मग सगळे टिलरिंग त्या खराब झालेल्या लाकडावर चालते. लाकूड उतरवल्यावर प्रत्येक वेळी वीस-पंचवीस वेळा हलके हलके ओढून सोडा, मगच नवा आकार बघा. नुकतेच तासलेले लाकूड लगेच खरे बोलत नाही.

कुठे उतरवायचे हे डोळ्याला समजत नसेल तर पाच-सहा इंचांचा सपाट लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. कामठ्याला दोरी चढवा आणि ठोकळा पोटावर ठेवा. जिथे भुजा सर्वांत जास्त वाकते तिथे पेन्सिलीचे टोक लाकडाला लागता लागता राहील इतपतच बाहेर काढा. आता ठोकळा सगळ्या भुजेवरून फिरवा. जिथे रेघ उमटते तिथे भुजा ताठ आहे, तेवढ्याच जागेवरून उतरवायचे. रेघ नाही तिथे हात लावायचा नाही. मुठीजवळचा आणि टोकाकडचा थोडा भाग मात्र ताठच ठेवायचा असतो, तिथली रेघ सोडून द्या.

आता सर्वांत कामाची गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. समजा कामठा अठरा इंचांपर्यंत नीट वाकतो आणि काटा तिथे बारा किलो दाखवतो. आकडा फळीवर लिहा. मग वीस इंचांपर्यंत दहा-बारा वेळा ओढा आणि परत अठरावर येऊन काटा बघा. अजून बाराच असेल तर खुशाल पुढे जा. लाकूड न उतरवताही साडेअकरा झाला असेल तर त्या दहा-बारा ओढींतच पोट चुरगळायला सुरुवात झाली आहे. डोळ्याला अजून काहीच दिसत नसते, पण काट्याला कळलेले असते. तिथे थांबायचे. ओलावा तपासा, ठोकळा फिरवून कुठे जास्त वाक आहे ते शोधा. दोन्ही ठीक असेल तर हे लाकूड एवढ्या जोराचे नाही. पाच-सात पौंड कमी करून हलका, पण जिवंत कामठा पदरात पाडून घ्या. दर दोन इंचांना हे करत गेलात तर अठ्ठावीस इंचांवर पोहोचलेल्या कामठ्याचा सेट सहसा इंचभरापेक्षा जास्त होत नाही.

जे उपाय करू नयेत

पाठीला बांबूची कामटी किंवा कापड चिकटवून सेट जात नाही. पाठीला अस्तर लागते ते पाठीची सळ निघू नये म्हणून. उलट बांबूसारखी तगडी कामटी पाठीला लावली की ती ताणायला नकार देते आणि सगळा बोजा बिचाऱ्या पोटावर पडतो. बाक वाढतो.

उलटा वाकवून रात्रभर दगडाखाली ठेवणे हाही लोकप्रिय प्रकार. सकाळी सरळ दिसतो, दहा बाणांत परत जागेवर. अळशीचे तेल पाजणे देखणे आहे, हाताला छान लागते, पण हवेतली वाफ ते जवळजवळ अडवत नाही. कडक उन्हात वाळत घालणे तर नकोच, एक बाजू आधी आकसते आणि भुजा पिळते.

वाकलेला कामठा वाचवायचा असेल तर

टॉर्चखाली आडव्या रेषा दिसल्या नसतील तरच या वाटेला जा. आधी पेटीत ठेवून पुरता कोरडा करा. मग दीड-दोन इंच उलटा बाक दिलेल्या जाड लाकडी साच्यावर पाठ खाली करून क्लॅम्पने आवळा आणि पोट भाजा. हीट गन असेल तर उत्तम, नसेल तर करवंट्यांचे निखारे. ते धग धरून राहतात आणि धूर कमी करतात. निखाऱ्यांवर करायचे तर साचा उलटा धरावा लागतो, पोट निखाऱ्यांकडे, वीतभर उंचीवर. एका ठिकाणी थांबू नका, पण घाईही नको. पोटाचा रंग बदामी होत तपकिरीकडे झुकला की पुढच्या वीतभर भागाकडे सरका. पाठीवर हात ठेवता आला पाहिजे. हात भाजत असेल तर उष्णता आरपार चालली आहे, ते पाठीला मानवत नाही.

भाजलेले लाकूड दाबाला जास्त टिकते आणि पुढे ओलावाही जरा कमी ओढते. चुरगळलेले तंतू परत उभे राहत नाहीत, पण उरलेले ताठ होतात. साच्यावरच गार होऊ द्या. त्यानंतर लगेच ओढायचे नाही. भाजताना पाठीतलेही पाणी उडालेले असते आणि अशी कोरडी पाठ काचेसारखी तडकते. चार-पाच दिवस घरातल्या हवेत राहू द्या, काटा नऊ-दहा टक्क्यांचा हिशोब दाखवू लागला की टिलरिंग पहिल्यापासून तपासत न्या.

रेषा दिसल्या असतील तर तो कामठा निम्म्या जोरावर उतरवून घरातल्या मुलाला द्या. दहा-बारा वर्षांच्या पोराला पंधरा पौंड पुरतात आणि त्या जोराला घडी पडलेली जागाही सहसा पुढे सरकत नाही.

लाकडाबद्दल थोडके

बांबूत आपल्याकडचा माणगा पहिल्या कामठ्याला चांगला. काटे नाहीत, जवळजवळ भरीव असतो, निदान तीन वर्षांचा घ्या. चकचकीत सालीकडची बाजू पाठ, तिला सुरी लावायची नाही, पेऱ्यांच्या गाठीही तशाच ठेवायच्या. जे काय उतरवायचे ते आतून. लाकडांत धामण. तिच्या लवचिकपणामुळे हत्यारांचे दांडे, कावडी आणि धनुष्येही पूर्वीपासून तिची होत आली आहेत. वखारीतल्या सागाच्या फळीतूनही कामठा निघतो, पण रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग धावणारी फळी शोधायला अख्खी सकाळ घालवावी लागते. फणस मी यासाठी घेत नाही.

रानातून तोडून आणू नका. गोव्यात खासगी जागेतले झाड पाडायलाही १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि अभयारण्यातल्या फांदीला तर हातही लावायचा नाही. कुळागरवाल्या ओळखीच्या माणसाकडे बांबूचे बेट असतेच. वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू २०१७च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात झाड म्हणून मोजला जात नाही.

पावसाळ्यात ठेवायचा कसा

कामठा पेटीतून कोरडा बाहेर काढला त्याच दिवशी त्याला पॉलिश करायला घ्या. लाखेचे पॉलिश सहा-सात हात, त्यावर मेण. टोकांना आणि दोरीच्या खाचांना दोन हात जास्त, पाणी तिथूनच आत शिरते. याने ओलावा थांबत नाही, त्याची चाल मंदावते. पण चार महिने काढायला ती मंद चाल बरीच उपयोगी पडते.

चिऱ्याच्या भिंतीला टेकवून उभा करू नका. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि खालची भुजा वरच्यापेक्षा आधी वाकते. मग लोक म्हणतात, टिलरिंग बिघडले. दोन खुंट्यांवर आडवा ठेवा किंवा एका टोकाने टांगा, शक्यतो कपाटात, पेटीतला बल्ब तिथे अधूनमधून लावून. दोरी नेम मारून झाला की उतरवायचीच, चहाला थांबलात तरी. आणि दोरी चढवलेला कामठा बंद गाडीत उन्हात सोडून देवदर्शनाला जाऊ नका.

मिरगापासून नवरात्रापर्यंत मी स्वतः लाकडी कामठा फारसा ओढत नाही. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढायचाच असतो, तेव्हा आधी काट्यावर ठेवा. मुठीवर लिहिलेल्या आकड्याच्या दहा ग्रॅम आत असेल तर दोरी चढवा. जास्त भरला तर हळदकुंकू वाहून परत पेटीत, आणि आठ दिवसांनी पुन्हा तोला.